आवाज एक, अर्थ दोन

‘मन भरली’ आणि ‘मन भरलं’ यांतला फरक बाळापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात नदीला पूर आला, दुसऱ्यात माणूस तृप्त झाला. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. इस्माईलखानाने तो १७५७ मध्ये पुरा केला. मन निदान लिंगावरून ओळखता येते. पण ‘म्हैस आली’ म्हटल्यावर नदी की जनावर, हे आभाळाकडे पाहूनच ठरवायचे!

इंग्रजी शिकताना आपली मुले याच पेचात अडकतात. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे सरदारही. सरदाराच्या स्पेलिंगमध्ये आरंभी एक मुका ‘के’ असतो. त्यासाठी पोरांचे गुण कापले जातात, पण तो तिथे का, हे कुणी सांगत नाही. मंडळी, तो ‘के’ पूर्वी बोलला जाई. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. छापील स्पेलिंग हळूहळू स्थिरावले, जिभा मात्र बदलत राहिल्या. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘के’ बोलण्यातून गळाला, कागदावर राहिला. म्हणजे स्पेलिंग हा जुन्या उच्चाराचा शिलालेखच!

कधी उलटेही घडले. फूल आणि गव्हाचे पीठ यांचे इंग्रजी शब्द मुळात एकच. दळलेल्यातला उत्तम भाग तो ‘फूल’. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही पिठाला वेगळे स्पेलिंग नाही. ती फारकत नंतर पक्की झाली.

आपणही इंग्रजीला हसू नये. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. ‘दिन’ म्हणजे दिवस की ‘दीन’ म्हणजे गरीब, हे वाचणाऱ्याने मागचापुढचा मजकूर पाहून ठरवायचे. जमिनीच्या जुन्या कागदात अशी एक चूक किती महागात पडेल, याचा विचार करा. देवनागरीने हा भेद डोळ्यांना दाखवला. पुढे मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. त्यामुळे हात या अर्थाचा ‘पाणि’ एकटा लिहिला की ‘पाणी’च होतो, ‘पाणिग्रहणा’त तेवढा ऱ्हस्व उरला.

आता संगणक स्पेलिंग तपासून देतो. पण दोन्ही शब्द कोशात असले, तर चुकीच्या जागी बसलेला शब्दही त्याच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून मुलांना सुटे शब्द घोकायला लावू नका, वाक्य करून सांगा. बाळापूरचे लोक ‘मन’ असेच शिकले.