वस्तऱ्याचं पाणी

कुर्ल्याच्या सलूनमध्ये आज ज्याला वस्तरा म्हणतात, ती खरं तर पातं धरणारी नुसती मूठ असते. ब्लेड मधोमध मोडून अर्धं त्यात बसवायचं आणि एक दाढी उरकली की फेकून द्यायचं. एचआयव्ही आणि काविळीच्या धास्तीने ही पद्धत रुळली आणि ते योग्यच झालं. पण तिच्यामुळे दुकानातून निसणा गेला, पट्टा गेला आणि धार लावणाऱ्या हाताचं कामही संपलं.

जुना वस्तरा न्हाव्याला अर्ध्या आयुष्याची सोबत करी. गावगाड्यात तो धोकटीतून घरोघर फिरायचा आणि त्याच्या जोरावर बलुतं मिळायचं. पुढे इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरे आले. त्यांच्या पोलादाच्या कुळकथेत मुंबईचं नाव आहे. १७९४ साली मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. माल दख्खनच्या भट्ट्यांतला. पण पुढच्याच वर्षी जॉर्ज पीअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला, तेव्हा शीर्षकातच ते मुंबईत बनतं असं म्हटलं. लंडनचे सुरी-कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमात पडले. त्यांनी मायकेल फॅरडेंना जोडीला घेऊन मिश्र पोलादाचे प्रयोग केले; ते १८२० मध्ये छापून आले. अशा पोलादाचे वस्तरे फॅरडेंनी मित्रांना भेट दिले. तिकडे शेफिल्डमध्ये घड्याळजी बेंजामिन हंट्समन १७४० च्या सुमारासच मुशीत पोलाद वितळवू लागले होते. दख्खनच्या भट्ट्या विझत गेल्या आणि विलायती पातं आपल्या बाजारात आलं.

तोवर कुर्ला गिरणगाव होऊ लागलं होतं. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेऊन तिची स्वदेशी मिल केली. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा धरणार नाही, असं ठरवलं. त्याच वर्षी १० जूनला लोखंडे यांच्या लढ्यातून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवारी गर्दी आणि सोमवारी दुकान बंद, हे मुंबईच्या सलूनचं गणित या सुट्टीवरच बसलेलं आहे.

१९०४ साली अमेरिकेत जिलेट यांना सुरक्षित वस्तऱ्याचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या हाती गेला आणि दाढी घरच्या आरशासमोर आली. धार विकत मिळू लागली; ती राखायची गरज उरली नाही.

म्हणूनच आज जुन्या पेटीतून किंवा भंगारातून वस्तरा हाती आला की लोक तो थेट बफिंगच्या चाकावर नेतात. कुर्ल्यात अशी चाकं गल्लोगल्ली फिरतात. मात्र वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की चाकावर ती क्षणात तापते, निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग ती चमकेल, पण धार धरणार नाही. शिवाय पात्यावर कोरलेलं कारखान्याचं नाव पुसलं जातं ते वेगळंच.

हाताने करायचं काम संथ असतं. आधी तेल लावून गंज सैल करायचा. मग वॉटर पेपर ४०० नंबरपासून चढत २००० पर्यंत, पात्याच्या लांबीने, कडेपासून बोट दूर ठेवून. जाड पाठ खरवडायची नाही: निसण्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. शेवटी चामड्यावर पाठ पुढे, धार मागे.

त्या वस्तऱ्याने दाढी करायलाच हवी असं नाही. पण घरात एखादा असेल, तर चाकावर नेऊ नका. काळे डाग राहिले तर राहू द्या. पाणी एकदा उतरलं, की ते परत देणारा कारागीर आता सहज सापडत नाही.