ऑस्कर्ससोव्हाइट

ऑस्कर पुरस्कारांतील वांशिक विषमतेविरुद्ध ट्विटरवर सुरू झालेली मोहीम व तिचा हॅशटॅग. १५ जानेवारी २०१५ रोजी जाहीर झालेल्या नामांकनांत अभिनयाच्या वीसही जागांवर गौरवर्णीय कलावंत होते. त्यावर एप्रिल रेन या कृष्णवर्णीय अमेरिकी महिलेने खोचक ट्वीट केले : ऑस्कर इतके गोरे, की माझ्या केसांना हात लावून बघू का, असे विचारतात. हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नेहमीच्या अनुभवातला प्रश्न असल्याने ट्वीट झपाट्याने पसरले.

२०१६ मध्येही वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांनाच मिळाली. ‘क्रीड’ या चित्रपटाचे दिग्दर्शक रायन कूगलर आणि नायक मायकेल बी. जॉर्डन दोघेही कृष्णवर्णीय. नामांकन मात्र त्यातील गोऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनला. दिग्दर्शक स्पाइक ली व अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथ यांनी सोहळ्याला न जाण्याचे जाहीर केले.

टीकेचा रोख आता मतदारयादीकडे वळला. अभिनयाची नामांकने ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे अभिनेते-सभासदच ठरवतात. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत अकादमीचे सुमारे ९४ टक्के मतदार गोरे व ७७ टक्के पुरुष असल्याचे आढळले होते. शेरिल बून आयझॅक्स या अकादमीच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या कारकिर्दीत, २२ जानेवारी २०१६ रोजी, महिला व वांशिक अल्पसंख्याक सभासदांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचा निर्णय झाला. नव्या सभासदांचा मताधिकारही दहा वर्षांपुरता ठेवून पुढे व्यवसायात सक्रिय असणाऱ्यांनाच तो देण्याचे ठरले. त्या वर्षी ६८३ जणांना सभासदत्वाचे निमंत्रण गेले. २०१७ च्या निमंत्रितांत अमिताभ बच्चन, आमिर खान, इरफान खान व दीपिका पदुकोण होते.

२०१७ मध्ये कृष्णवर्णीय नायकाची कथा सांगणारा ‘मूनलाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मात्र २०२० मध्ये अभिनयाच्या वीस नामांकनांत सिंथिया एरिव्हो ही एकच कृष्णवर्णीय अभिनेत्री होती. मतदारयादी बदलली तरी सभासद मत देतात ते तयार झालेल्या चित्रपटांना. कोणत्या चित्रपटांत पैसा घालायचा, हे स्टुडिओच ठरवतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अकादमीने सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी समावेशनाचे चार निकष जाहीर केले. २०२४ च्या पुरस्कारांपासून त्यांपैकी दोन पूर्ण करणे सक्तीचे झाले. पडद्यावरील भूमिका हा त्यांतला एकच निकष आहे. उरलेले तीन पडद्यामागील चमू, प्रशिक्षण-उमेदवारीच्या संधी आणि प्रसिद्धी-वितरण यांविषयी आहेत. त्यामुळे पडद्यावर एकही गौरेतर कलावंत नसलेला चित्रपटही स्पर्धेस पात्र ठरू शकतो.