मराठी अक्षर किती ठिपक्यांत मावते?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील वांगणीसारख्या गावी (मध्य रेल्वेवरचे वांगणी स्थानक वेगळे) शाळेसाठी संगणक घ्यायचा ठरला की पैसे आधी यंत्रावर खर्च होतात आणि उरलेल्या रकमेत पडदा घेतला जातो. ‘मॉनिटर काय, कोणताही चालेल’ हे वाक्य आम्ही शिक्षकांकडून ऐकले आहे. खरे सांगायचे तर प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकले आहे. पण पडद्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की स्वस्त पडद्यात काटकसर बहुतेक वेळा ठिपक्यांतच झाली, आणि ठिपके कमी पडले की इंग्रजीच्या आधी मराठी अडते.

आपल्याकडे ही गोष्ट मुंबईत सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. त्याला आलेख व अक्षरे दाखवणारा कॅथोड किरण नळीचा पडदाही जोडलेला होता आणि तो संस्थेतच तयार केला होता. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे मुंबईच्या घरांत टीव्ही येण्यापूर्वी बारा वर्षे संगणकाचा पडदा तेथे उजळला होता! अर्थात त्या वेळी तो स्वस्त असण्याचा प्रश्नच नव्हता.

स्वस्त पडदा आला तो टीव्हीच्या रूपाने. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा छोटा संगणक घरच्या टीव्हीला जोडायचा असे. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती परवान्याखाली भारतात आणली. मॉनिटर विकत घ्यावाच लागत नसल्याने संगणक मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला. मात्र पडद्यावर एका ओळीत फक्त ३२ अक्षरे आणि एकूण २४ ओळी. एवढी कंजुषी का?

याचे उत्तर वर्गात फळ्यावर काढता येईल. आपल्या टीव्हीच्या जुन्या पद्धतीत चित्राची एक आडवी रेषा काढायला ६४ मायक्रोसेकंद लागत. त्यातील दिसणारा भाग सुमारे ५२. चित्रसंदेश सेकंदाला फार तर ५० लाख वेळा वर-खाली होऊ शके. प्रत्येक वर-खालीत एक उजळ व एक काळा असे दोन ठिपके धरले तर सेकंदाला १ कोटी ठिपके, म्हणजे एका रेषेत ५२०. ओळीत ८० अक्षरे आणि प्रत्येक अक्षर ८ ठिपके रुंद धरले तर ६४० ठिपके हवेत. ते मावत नाहीत. शिवाय टीव्हीच्या कडा चौकटीखाली झाकल्या जात, म्हणून समासही सोडावा लागे. स्पेक्ट्रमने मग २५६ × १९२ ठिपक्यांवर भागवले.

संगणकासाठीच बनवलेल्या मॉनिटरला हे बंधन नव्हते. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीबरोबर दिलेला हिरव्या अक्षरांचा मॉनिटर ७२० × ३५० ठिपके दाखवी आणि एका अक्षराला १४ ठिपक्यांची उंची मिळे. पण त्याच पीसीच्या रंगीत पडद्यावर अक्षराची उंची ८ ठिपकेच होती.

आठात इंग्रजी सहज मावते; रोमन मोठे अक्षर ५ × ७ ठिपक्यांत स्पष्ट वाचता येते. आता ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिन्ही एकाच अक्षरावर. खाली दीर्घ उकार. मधल्या पट्ट्यात म, त, न यांचे आकार. आठ ठिपक्यांची उंची तीन मजल्यांत वाटल्यावर कोणाच्या वाट्याला काय येणार? विद्यार्थ्यांना आलेख कागदावर ८ × ८ चौकोनांत ‘र्तीं’ रंगवायला सांगा, मग १६ उंचीत. दुसऱ्या वेळी अक्षर ओळखू येते. पण स्पेक्ट्रमच्या पडद्यावर त्या उंचीच्या बाराच ओळी बसल्या असत्या.

म्हणूनच आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलेले जिस्ट तंत्र आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्याचे कार्ड पीसीत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात अक्षराचा फक्त क्रमांक साठवला जाई. जोडाक्षराचा आकार पडद्यावर दाखवताना घडे. लिपी पडद्याच्या बंधनातून सुटली ती या विभागणीमुळे. पण आकार घडवणारे कितीही हुशार असले, तरी ठिपके पडद्यानेच द्यायचे असतात.

आज प्रश्न सुटला, असे वाटेल. पण दुकानात अजूनही पडदा इंचांवर विकला जातो. १८.५ इंची, १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या मॉनिटरवर एक ठिपका सुमारे ०.३० मिलिमीटरचा असतो, २१.५ इंची, १९२० × १०८० वर ०.२५ चा. २७ इंची पडदा घेतला आणि ठिपके तेवढेच राहिले, तर ठिपका पुन्हा ०.३१ चा होतो. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा १३६६ × ७६८ चा असतो. त्याचा ठिपका तब्बल ०.५२ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला (अंशाचा साठावा भाग) इतका कोन वेगळा दिसतो, म्हणून हा ठिपका १.८ मीटरपलीकडे दिसेनासा होतो. असा टीव्ही वर्गाला दाखवायला उत्तम. पण अर्ध्या मीटरवर बसून मराठी टंकलेखन करणाऱ्याला त्रासाचा. काही टीव्ही अजूनही चित्राच्या कडा कापतात, ती जुनी खोड सेटिंगमधून बंद करावी.

आणखी एक चूक फार आढळते. सपाट पडद्याचे ठिपके ठरलेले असतात. संगणकाची मांडणी १०२४ × ७६८ वर राहिली आणि पडदा १३६६ चा असला, तर चित्र ताणले जाऊन अक्षरे जाड व पुसट होतात, अनुस्वार वेलांटीत मिसळतो. पैसे न खर्चता दुरुस्त होणारा दोष हाच!

वांगणीसाठी शेवटी विजेचा हिशेब. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मी ऊर्जा वापरायची, म्हणजे सुमारे ९०० वॉट-तास. कोणी देणगी म्हणून जुने रंगीत नळीचे पाच मॉनिटर दिले, तर प्रत्येकी साधारण ७५ वॉटप्रमाणे नुसते पडदेच ती अडीच तासांच्या आत संपवतील. २० वॉटचे पाच एलईडी पडदे त्याच बॅटरीवर नऊ तास चालतील.