घाव नावाचा रोग

वसईजवळच्या गास गावात घराची चावी मागणारा माणूस नकळत लॅटिन बोलत असतो! लॅटिन ‘क्लाविस’चे पोर्तुगिजांनी ‘चावे’ केले आणि मराठीने ‘चावी’. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत फिरंगी अंमल होता. त्या सहवासात पाव, साबण असे पुष्कळ पाहुणे मराठीत आले आणि घरचेच झाले.

याच ‘क्लाविस’च्या बिऱ्हाडाशेजारचा एक शब्द म्हणजे ‘प्लागा’. अर्थ तडाखा किंवा घाव. ‘क्ल’प्रमाणे ‘प्ल’चाही ‘च’ होऊन पोर्तुगीज ‘चागा’ झाला. त्याचा अर्थ जखम. दुसऱ्या वाटेने तोच ‘प्रागा’ झाला, म्हणजे शिव्याशाप किंवा पिकावरची कीड. जर्मन ‘प्लागं’ म्हणजे नुसता जाच. इंग्रजांनी मात्र ‘प्लेग’ हे नाव एका महाभयंकर रोगाला दिले. पोर्तुगीज भाषेत तो रोग ‘पेश्त’. हेही लॅटिनचेच लेकरू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे. पण शहराच्या तोंडी बसला तो इंग्रजी शब्दच.

मराठीत ‘मरी’ हा शब्द होता, मग परका शब्द का रुजला? मरी आली की लोक मरीआईला नवस बोलत. प्लेग आला तो तपासणीस, सक्तीची छावणी आणि १८९७ चा साथीचा कायदा बरोबर घेऊन. कुणाच्या काखेत गाठ दिसली आणि तिला हे नाव मिळाले, की माय एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे! म्हणून माणसे रोगाइतकीच त्याच्या नावालाही भीत आणि आजारी माणूस लपवीत. पुण्यात सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांच्या सेवेला धावल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले, की उंदरावरची पिसू हा रोग पसरविते. शतकानुशतके माणसे ज्याला आकाशातून पडलेला तडाखा समजत होती, तो घाव खराच होता, पण केवढा? पिसवेच्या दंशाएवढा! तो दिसला असता, तर किती घरांच्या चाव्या घरच्याच माणसांच्या हाती राहिल्या असत्या.