देवळापाशी आणि देवळात : इंग्रजी नामामागून येणाऱ्या छोट्या शब्दांचा इतिहास

२ मार्च १९३०. नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराचे दरवाजे बंद होते आणि हजारो अस्पृश्य सत्याग्रही त्या दरवाजांपाशी येऊन थांबले होते. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, स्थानिक संघटनेची धुरा भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्याकडे. मागणी अवघ्या एका शब्दात मावणारी : मंदिरप्रवेश.

हा शब्द समास आहे. विग्रह केला की ‘मंदिरात प्रवेश’ असे होते आणि दडलेला ‘आत’ दिसू लागतो. इंग्रजी वृत्तपत्रांतही ‘टेम्पल एंट्री’ असे सुटसुटीत जोडपद रूढ झाले. परंतु घोषणा संपून अर्ज, ठराव आणि कायदा सुरू झाला, की ‘एंट्री’ला एकटे राहता येत नाही. तिच्यामागे ‘इंटू’ येणार, ‘टू’ येणार की ‘इन’, हे ठरवावे लागते. प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो. त्या काळात तो तेवढाच नव्हता.

‘एंट्री इंटू’ म्हणजे उंबरठा ओलांडून प्रत्यक्ष आत जाणे. ‘एंट्री टू’मध्ये आत जाण्याच्या परवानगीची छटा अधिक. आणि ‘एंट्री इन’ म्हटले की बहुधा वहीतली किंवा रजिस्टरातली नोंद! मराठीने ‘प्रवेश’ आणि ‘नोंद’ असे दोन निराळे शब्द ठेवले. इंग्रजीने नाम एकच ठेवले आणि अर्थ फिरवण्याचे काम मागच्या इवल्या शब्दावर सोपवले.

मराठी माणसाला हे अवघड का जाते, याचे कारण दोन्ही भाषांच्या बांधणीत आहे. इंग्रजी व्याकरणातील ‘प्रिपोझिशन’ या संज्ञेचा अर्थच ‘आधी ठेवलेले’. आपल्याकडे हे काम नामाच्या शेपटाशी चालते. देऊळ या शब्दाचे सामान्यरूप ‘देवळा’ आणि मग देवळात, देवळाकडे, देवळासमोर, देवळापाशी, देवळाबाहेर. त्या मार्चमध्ये सत्याग्रही देवळापाशी होते, देवळात नव्हते. सारा संघर्ष या दोन रूपांमधल्या अंतराचा होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आराखडा बराचसा लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर गेलेला, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. म्हणजे मराठीने स्वतःकडे पाहिले तेही काही अंशी इंग्रजीच्या आरशात. उलट दिशेने इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाने सोपी समीकरणे पाठ केली : ‘ऑन’ म्हणजे वर, ‘इन’ म्हणजे आत, ‘विथ’ म्हणजे शी किंवा सोबत. वस्तूंच्या बाबतीत ही समीकरणे बहुधा टिकतात. मेजावर पुस्तक, पेटीत कागद. भाववाचक नाम आले की ती कोसळतात. मराठीत विश्वास माणसा‘वर’ असतो, म्हणून मुलगा ‘फेथ ऑन’ लिहितो; इंग्रजीला ‘फेथ इन’ हवे. मराठीत लग्न कोणा‘शी’ होते, म्हणून ‘मॅरेज विथ’. इंग्रजी मात्र ‘मॅरेज टू’ म्हणते. ‘रस’ आणि ‘इंटरेस्ट’ यांचे तेवढे जुळते. दोघांनाही ‘त’ आणि ‘इन’च लागतो.

यावर पाठ्यपुस्तकांनी काढलेला उपाय म्हणजे याद्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्डच्या व्याकरणमालेने आणि पुढे १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिनच्या पुस्तकाने कोणत्या शब्दामागे कोणते अव्यय येते, याचे तक्ते घरोघरी पोहोचवले. यातील पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही परकीय पलटणीची लोकप्रिय कादंबरी लिहिणारे गृहस्थ. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी अनेक वर्षे काढली होती. वाळवंटातल्या साहसकथा आणि ‘फॉर’ घेणाऱ्या नामांची यादी एकाच लेखणीच्या नावावर असावी, ही गंमतच.

याद्या उपयोगी होत्या, यात शंका नाही. पण त्या कारण सांगत नव्हत्या, आणि कारण पुष्कळदा त्या शब्दातच बसलेले असते. ‘ॲक्सेस’ लॅटिनमधून आला. त्याच्या आरंभी ‘ॲड’ हा उपसर्ग आहे, अर्थ ‘कडे’; म्हणून मागून ‘टू’ येतो. ‘एक्सक्लूजन’मध्ये ‘एक्स’ म्हणजे ‘बाहेर’, म्हणून ‘फ्रॉम’. ‘सिंपथी’तला ग्रीक ‘सिन्’ म्हणजे ‘सह’, म्हणून ‘विथ’. शब्दाच्या डोक्यावर जे कोरलेले असते तेच त्याच्या पायाशी पुन्हा उमटते. नियम मात्र पक्का नव्हे. ‘डिपेंड’चा मूळ अर्थ खाली लोंबणे, म्हणजे कशापासून तरी, प्रत्यक्षात ‘डिपेंडन्स’मागे ‘ऑन’ येते. मराठीतही असेच पाहा. ‘बहिष्कार’ या शब्दात ‘बहिस्’ म्हणजे बाहेर आहे, तरी आपण बहिष्कार एखाद्या‘वर’ टाकतो. व्युत्पत्ती वाट दाखवते. शेवटचे पाऊल वापर ठरवतो.

वापर ठरवतो, तर तो मोजायचा कसा? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच तयार झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा एक संग्रह सिद्ध झाला आणि १९८६ मध्ये तो अभ्यासकांना उपलब्ध झाला. १९७८ मध्ये भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुरातून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे नमुने, एकूण दहा लाख शब्द. रचना मुद्दाम अमेरिकेच्या ब्राउन आणि ब्रिटनच्या लॉब या संग्रहांसारखी ठेवली, जेणेकरून तिन्ही शेजारी ठेवून पाहता यावेत. जगभरच्या भाषाविज्ञानात तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावानेच ओळखला जातो. एखाद्या नामामागे भारतीय लेखक खरोखर काय लिहितात, हे आता तक्त्यावरून नव्हे, छापील वाक्यांवरून तपासता येऊ लागले. यादीत नसलेला प्रयोग म्हणजे चूकच, हे गृहीतक त्यामुळे डळमळले. तसे होणे योग्यच होते.

कायद्याच्या भाषेत मात्र ही मोकळीक नसते. तिथे एका अव्ययाने हक्काचा मालक बदलतो. ‘राइट टू एंटर’ हा आत जाऊ पाहणाऱ्याचा हक्क. ‘राइट ऑफ एंट्री’ला इंग्रजी मालमत्ता कायद्यात जुना पारिभाषिक अर्थ आहे : जमिनीत शिरून तिचा ताबा घेण्याचा हक्क. म्हणजे एक भाविकाचा, दुसरा मालकी सांगणाऱ्याचा. ‘राइट ऑफ वे’ला तर आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता हा अस्सल शब्द आहेच. महाडच्या चवदार तळ्याचा खटला याच प्रदेशातला. अस्पृश्यांना तळ्या‘पासून’ दूर ठेवण्याची अनादि रूढी आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झाली नसल्याचे ठरवले.

नाशिकचा सत्याग्रह सुमारे पाच वर्षे रेंगाळला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला; त्याच्या इंग्रजी नावात ‘टेम्पल एंट्री’ हेच अव्ययावाचूनचे जोडपद आहे.

आणि मग राज्यघटना, जिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकरच होते. कलम १५ मध्ये ‘डिस्क्रिमिनेट’मागे ‘अगेन्स्ट’ आहे. ‘बिट्वीन’ असते तर अर्थ केवळ दोहोंत फरक करणे एवढाच राहिला असता; ‘अगेन्स्ट’ म्हणजे एकाचे नुकसान करणारा फरक. मराठीतला ‘भेदभाव’ हे स्वतःहून सांगत नाही, ‘प्रतिकूल’सारखा शब्द जोडावा लागतो. त्याच कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांच्यासाठी ‘ॲक्सेस टू’ आहे, तर विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्यासाठी ‘यूज ऑफ’. ‘टू’ दारापर्यंत नेतो. ‘ऑफ’ असला की वस्तू वापराचे कर्म होते, म्हणजे पाण्याला हात लागतो. महाडचे तळे आणि नाशिकचे रामकुंड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

देवळे कलम १५ च्या त्या यादीत नाहीत. ती येतात कलम २५ मध्ये, आणि तिथे ‘एंट्री’ हे नामच नाही. सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करण्याचे शब्द तिथे आहेत : ‘थ्रोइंग ओपन’मागे ‘ऑफ’ आणि त्यापुढे संस्था, मग ‘टू’ आणि त्यापुढे माणसे. १९३० च्या घोषणेत जाण्याची क्रिया दरवाजाबाहेर उभ्या असलेल्यांची होती. या वाक्यरचनेत उघडण्याची क्रिया दरवाजाकडे गेली आहे.