छत्री एक, पेट्या दोन

गणपतीच्या दर्शनासाठीं प्रसिद्ध असलेल्या राजुरास आमच्या घरावर छत्री एक. तिला पेट्या मात्र दोन, एक जुनी व एक नवी. त्यांच्या कलहांत एक लहानसा इतिहास दडला आहे.

उपग्रहावरून थेट घरीं चित्रवाणी देण्याचे नियम सरकारनें मार्च 2001 मध्यें ठरविले. 16 डिसेंबर 2004 रोजीं दूरदर्शनची विनाशुल्क सेवा सुरू झाली. पेटी एकदां विकत घेतली कीं मासिक वर्गणी नाहीं, ही गोष्ट खेड्यांतल्या संसारास मानवली. त्या पेट्यांना एमपेग-2 ही संकेतभाषा येई. पुढें थोड्या जागेंत अधिक वाहिन्या मावविणारी एमपेग-4 आली. नवी पेटी दोन्ही भाषा जाणते; जुनीस केवळ आपलीच कळते. तिचा पडदा काळा राहिला, म्हणजे ती बिघडलीच असें नव्हे.

शिवाय दोघींना एकच तार दिली, तर एक छत्रीकडे 13 व्होल्ट धाडते, दुसरी 18, वाहिन्या हरवतात. दुहेरी एलएनबी बसवून स्वतंत्र तारा दिल्या कीं कलह मिटतो.

तात्पर्य, पेटी आपल्या मालकीची असली तरी भाषा ठरवितो तो पाठविणारा. जोंवर जुनी भाषा बोलली जाते, तोंवर जुन्या पेटीस अडगळींत टाकण्याची घाई आम्ही करणार नाहीं.