नव्याचे पोहे

दिवाळीच्या फराळाचे नाव काढले, की चकली, करंजी, लाडू आणि चिवडा हीच चौकडी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि घाटावरच्या माणसाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारणही नाही. परंतु कोकणपट्टीत आणि गोमंतकात नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून आणि त्याची कडू बी जिभेला लावून मनुष्य पाटावर येऊन बसला, म्हणजे त्याच्या पुढ्यात प्रथम येतात ते पोहे. शरदातल्या घरगुती खाण्याचा जो सर्वांत जुना धागा आपल्यापर्यंत पोहोचला आहे, तो माझ्या मते ह्या पोह्यांचाच. तळणीच्या पदार्थांची थोरवी मला मान्य आहे, पण ते ह्या पंगतीत मागाहून येऊन बसलेले मानकरी होत.

पोहा हा शब्दच संस्कृतातल्या 'पृथुका'पासून झिजत आलेला आहे. अमरकोशाने पृथुक आणि चिपिटक हे समानार्थी म्हणून शेजारी बसविले आहेत, तर भागवताच्या दशम स्कंधात त्याच पृथुकांच्या चार मुठी सुदाम्याच्या पत्नीने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणून फाटक्या चिंधीत बांधून दिल्या. ह्या कथेत भक्तीचा भाग थोर खराच, पण स्वयंपाकघराच्या इतिहासाला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: ज्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्याही घरी शेजारून मिळू शकेल, प्रवासात नासणार नाही आणि न शिजवता खाता येईल असे हे अन्न होते. वैद्यकाने मात्र त्याची फारशी भलावण केलेली नाही. चरकाने पोहे जड ठरवून ते बेताने खावेत असे बजावले आहे, आणि हा इशारा दिवाळीच्या सकाळी कोणत्याही घरात पाळला गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कोकणातील भाताची हळवे, निमगरवे आणि गरवे अशी जी वाटणी आहे, तीतले हळवे भात सर्वांआधी, आश्विनाच्या सुमारास पिकते. श्रावण-भाद्रपदात कणगी तळाला गेलेली असते, सणावारांनी घर पिळून काढलेले असते, आणि अशा वेळी हे पहिले भात कापून येते. त्याचा आनंद किती असेल, हे वर्षभर वाण्याकडून तांदूळ आणणाऱ्यास सांगून कळावयाचे नाही. वैदिक काळी ह्याच ऋतूत नव्या धान्याची आग्रयणेष्टी होत असे. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात आणि भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे, आंब्याची पाने व कुरडूची फुले ह्यांची जुडी करून दारावर 'नवे' बांधतात. तीच रात्र कोजागरीची. आज कोजागरी म्हटली, की केशर-बदामांचे आटीव दूध आठवते. पण पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेला धर्मसिंधु उघडून पाहावा, तर त्या रात्रीच्या पूजेत, जागरणात आणि द्यूतात मान आहे तो नारळाचा आणि पोह्यांचा. नारळाचे पाणी प्यावे, देवपितरांना नारळ व चिपिटक समर्पावेत, असे ते विधान आहे. किनाऱ्यावरच्या कुणबिणीने तो ग्रंथ कधी पाहिला नसेल, पण तिच्या घरात त्या दिवशी नेमक्या ह्याच दोन वस्तू असत.

आमच्या आजोळी पोहे कांडण्याचा बेत आदल्या रात्रीच ठरे. हळव्या भाताचा पायलीभर दाणा कोमट पाण्यात भिजत पडे, आणि पहाटे तो रोवळीत उपसून निथळत ठेवल्यावर मामी मातीच्या मोठ्या खापरात मूठमूठ भाजावयास घेई. भाजणे ही त्यातली खरी मेख. कमी भाजले तर दाणा उखळात चिकटतो, अधिक भाजले तर त्याच्या लाह्या होतात. तेव्हा एखाददुसरा दाणा तडतडला रे तडतडला, की खापर उतरवून तसेच गरम भात उखळात ओतावयाचे. दक्षिण कोकणात जमिनीत पुरलेल्या त्या दगडी उखळाला व्हायन म्हणतात. दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकीत आणि आजी काठाशी बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात हाताने दाणा खालीवर करी. आम्हां पोरांपैकी कोणी तो पराक्रम करू पाहिला, की ती ओरडे, "हात काढ गो, मुसळाला डोळे नसतत!" दाणा थंड झाला की मोडतो, चपटा होत नाही, म्हणून कोणालाही मध्ये दम खाण्याची मुभा नसे. मग सुपाने पाखडणे, तूस वेगळे, कणी वेगळी, आणि अखेरीस सुपात उरलेले ते तांबूस, जाडसर, धुराचा किंचित वास असलेले पोहे. पहिली मूठ देवापुढे जाई, दुसरी आमच्या हातावर पडे. तीत ओले खोबरे आणि गुळाचा खडा एवढेच.

अर्थात, हे सुख सर्वांच्या सुपात सारखे पडत होते असे समजण्याचे कारण नाही. खोती मुलखात अर्धेलीने जमीन करणाऱ्या कुळाचे निम्मे भात खळ्यावरूनच खोताकडे जाई, तिर्धेलीने करणाऱ्याचा तिसरा हिस्सा. वर जुन्या बाकीचा तगादा, पावतीचा पत्ता नाही, अशी स्थिती. नव्याची जुडी खोताच्या दारी बांधली जाई तशी कुळाच्याही दारी बांधली जाई, पण जुडीमागच्या कणगीत किती उरले हा हिशेब निराळा. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारपणाखाली 1933 साली संप पुकारला, तो 1939 पर्यंत चालला. संपकऱ्यांची ती शेते पडीक राहिली. सहा शरद ऋतू आले आणि गेले, आणि त्या शेतांतून हळव्याची एक लोंबी घरात आली नाही. लोकांनी जंगलातली लाकडे विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले; कायदा व्हावयास मात्र 1949 साल उजाडावे लागले. पोह्यांच्या इतिहासात संपाचे काय काम, असे कोणी विचारील. पण नवान्नाचा सण मोडून संप करावा लागतो, तेव्हा त्या सणाची किंमत कुळाइतकी कोणाला कळत असेल?

पोह्यांचे रूप मधल्या काळात पालटले, ते बव्हंशी पोर्तुगीजांनी आणलेल्या मालामुळे. मिरची आणि बटाटा ह्या दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या, आणि बटाटा तर पोर्तुगीज नावानिशी आपल्या घरात शिरला. तेव्हा आज ज्याला आपण परंपरागत तिखट पोहे म्हणतो, त्यांचे वय सोळाव्या शतकापलीकडे नेता येत नाही. त्याआधी तिखटपणाचा कारभार मिरे आणि आले ह्यांच्याकडे होता. पुढे कांदेपोह्यांना वधूपरीक्षेचे जे अधिष्ठान लाभले, तो शहरी व्यवहार. त्यात नव्या भाताचा संबंध उरला नाही, आणि पोहेही बिचारे उगाच बदनाम झाले.

गिरणगावातल्या चाकरमान्याचा संबंध मात्र उरला. पावसाळ्यात बंद असलेली कोकणची बोट सुरू झाली, की गावाकडून येणाऱ्या गाठोड्यात पोहे असत, आणि एका खोलीतल्या आठदहा बिऱ्हाडकरूंत ते वाटले जात. 1942 साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ थांबला आणि पुढल्याच वर्षी मुंबईत शिधापत्रिका आली, तेव्हा ह्या गाठोड्याला काय मोल आले असेल, त्याची कल्पना करावी. पुढे पेण-रोह्याकडे पोह्यांच्या गिरण्या चालू लागल्या. त्यांचे पोहे पांढरे, पातळ, एकसारखे आणि वर्षभर मिळणारे. मुसळ मारून खांदे भरून आलेल्या बायकांनी त्यांना मनापासून दुवा दिला असेल, आणि तो अयोग्य होता असे मी म्हणणार नाही.

गोमंतकात अजून चतुर्दशीला पोह्यांचे चारपाच प्रकार एकदम मांडतात: नारळाच्या रसातले रोसाचे फोव, ताकातले, दुधातले, गुळाचे, बटाट्याचे. पाहुणा एका घरून दुसऱ्या घरी जातो, आणि प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे घेतल्यावाचून त्याची सुटका नसते. आजोळचे घर आता दुरुस्त झाले आहे. स्वयंपाकघरात गुळगुळीत फरशी आली, पण गवंड्याला ती व्हायन काही उपटता येईना. तेव्हा मामीने तिच्या तोंडावर लाकडी झाकण बसवून घेतले आहे, आणि दिवाळीच्या पहाटे पोह्यांचे पातेले नेमके त्याच झाकणावर ठेवून ती वाढावयास बसते.